अटॅक वीस मिनिटांचा, धास्ती वर्षांची : पॅनिक डिसऑर्डरबद्दल सविस्तर

पॅनिक अटॅक आणि पॅनिक डिसऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उपचारातला बराचसा घोळ हा फरक न कळल्यामुळे होतो. अटॅक कोणालाही येऊ शकतो. परीक्षेच्या काळात, घरातल्या कोणाच्या आजारपणात, सलग जागरणं झाल्यावर एकदा-दोनदा अटॅक येऊन गेला आणि पुढे काहीच झालं नाही, अशी माणसं भरपूर आहेत. त्यांना कसलाही आजार नसतो. आजार सुरू होतो तो अटॅक ओसरल्यानंतर, 'पुन्हा आला तर?' या प्रश्नापासून.

निदानाचे निकष बरेच काटेकोर आहेत. तीव्र भीती अचानक उसळते, काही मिनिटांत टोकाला पोचते आणि तेवढ्यात १३ ठरावीक लक्षणांपैकी किमान ४ दिसतात, तर तो पॅनिक अटॅक. ती लक्षणं अशी: छातीत धडधड, दरदरून घाम, कापरं, धाप किंवा श्वास पुरत नसल्याची भावना, घशात अडकल्यासारखं वाटणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात थंडी किंवा गरम वाफा, हातापायांना मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं किंवा आपणच आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं, ताबा सुटेल किंवा वेड लागेल ही भीती, आणि आता मरणार ही खात्री. असे अटॅक ध्यानीमनी नसताना वारंवार आले, आणि त्यानंतर निदान महिनाभर पुढच्या अटॅकची काळजी लागून राहिली किंवा त्या काळजीपोटी वागणं बदललं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

'ध्यानीमनी नसताना' हे शब्द महत्त्वाचे. फक्त चारचौघांत बोलायला उभं राहिल्यावरच अटॅक येत असेल, तर मूळ दुखणं सामाजिक भयगंडाचं असू शकतं. अपघातानंतर फक्त त्या आठवणीनेच येत असेल तर आणखी वेगळं. पॅनिक डिसऑर्डरमधला अटॅक टीव्ही बघताना येतो, भाजी निवडताना येतो, आणि काही जणांना तर गाढ झोपेतून उठवतो. झोपेतला अटॅक वाईट स्वप्नामुळे येत नाही. तो साधारणपणे स्वप्नं नसलेल्या झोपेत येतो, म्हणूनच माणूस उठतो तेव्हा घाबरण्याचं एकही कारण हाताशी नसतं आणि 'म्हणजे हृदयाचंच असणार' या निष्कर्षाला तो लगेच पोचतो.

हा आजार नवा नाही, नाव नवं आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, धाप आणि छातीदुखी पाहून जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याला 'चिडखोर हृदय' म्हटलं होतं. स्वतंत्र मानसिक आजार म्हणून त्याची नोंद झाली १९८० मध्ये. मधल्या काळात असे रुग्ण हृदयतज्ज्ञांकडेच फिरत राहिले. आजही पहिले काही महिने ते तिथेच फिरतात.

श्वासाचं रसायन

अटॅकमधलं प्रत्येक लक्षण शरीराच्या साध्या रसायनशास्त्राने समजावून सांगता येतं, आणि ते समजलं की भीतीचा एक मोठा तुकडा गळून पडतो. म्हणून इथे जरा थांबू.

धोक्याची सूचना मिळाली की सिम्पथेटिक मज्जासंस्था आणि ॲड्रिनलिन कामाला लागतात. हृदय जोरात आणि भरभर पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. घाम सुटतो. पचन थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो, मळमळतं. श्वास वाढतो. समोर खरंच पिसाळलेला कुत्रा असता तर यातलं काहीच विचित्र वाटलं नसतं, कारण आपण पळत सुटलो असतो.

पण माणूस खुर्चीतच बसलेला आहे. स्नायू काही करत नाहीत, त्यामुळे ते कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार करत नाहीत. श्वास मात्र वाढलेला. परिणामी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो आणि रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं. इथून पुढे साखळी सुरू होते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर येते, नजर धूसर होते, सगळं खोटं-खोटं वाटतं. रक्तातलं मुक्त कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. फार वाढलं तर बोटं आखडून वाकडी होतात. ते पाहून घरच्यांना लकवा किंवा फिट आल्याचा संशय येतो. छातीचे स्नायू जास्त राबल्यामुळे दुखतात.

गंमत म्हणजे 'श्वास पुरत नाही' असं वाटत असताना शरीरात ऑक्सिजन पुरेसा असतो. कोविडनंतर घरोघर उरलेला ऑक्सिमीटर अशा वेळी बोटाला लावला तर साधारण ९८-९९ दाखवतो. तो पाहून काहींना दिलासा मिळतो, पण याच उपकरणाची पुढे सवय लागते. त्याबद्दल नंतर.

म्हणूनच अटॅकमध्ये 'दीर्घ श्वास घे, मोठा श्वास घे' हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला चुकीचा आहे. घाबरलेला माणूस मोठा श्वास घेतो आणि लगेच दुसरा मोठा श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड आणखी खाली जातो. सांगायचंच असेल तर 'हळू श्वास सोड' एवढं सांगावं. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. छाती न फुगवता पोटाने, आणि लहान. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती वापरू नये. तो दम्याचा किंवा हृदयविकाराचा झटका असेल तर पिशवी जिवावर बेतू शकते. योगवर्गाला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. भस्त्रिका किंवा वेगवान कपालभाती केल्यावर मुंग्या येऊन धडधड सुरू होत असेल, तर त्यामागे हेच रसायन आहे. आजार जोरात असताना अनुलोम-विलोम किंवा भ्रामरीसारखे संथ प्रकार बरे.

'चक्कर येऊन पडेन' ही भीती फार जणांना असते. बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो. अटॅकमध्ये तो बहुतेकदा थोडा वाढलेला असतो. रक्त किंवा इंजेक्शन पाहून पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा रक्तदाब खरोखरच कोसळतो. वेड लागण्याची भीतीही अशीच. पॅनिक डिसऑर्डरचं रूपांतर स्किझोफ्रेनियात होत नाही.

कारणं, जेवढी माहीत आहेत तेवढी

आनुवंशिकता आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तिचा वाटा सुमारे ४० टक्के निघतो. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट. सुरुवात बहुतेकदा विशीत होते. धूम्रपानाने धोका वाढतो. लहानपणी पालकांचं अचानक जाणं, छळ, किंवा दम्यासारखा श्वासाचा आजार, हेही अनेकांच्या पूर्वेतिहासात सापडतं. पहिल्या अटॅकच्या आधीच्या काही महिन्यांत बहुतेकदा काहीतरी घडलेलं असतं: मृत्यू, बाळंतपण, नोकरी बदल, मोठं आजारपण. पण नेमक्या त्या दिवशी काही घडलेलं नसतं, म्हणून रुग्ण सांगतो, 'मला काही टेन्शनच नव्हतं.' ते खोटं नसतं.

डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये एक मत मांडलं. मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी यंत्रणा असते, आणि काही जणांत ती फारच हळवी असते. सोसायटीच्या पार्किंगमधल्या एखाद्या गाडीचा अलार्म मांजराने बॉनेटवर उडी मारली तरी कोकलतो, तसं. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला तर इतरांपेक्षा कितीतरी जास्त जणांना अटॅक येतो, हे प्रयोगात दिसलं आहे. २०१३ मध्ये तर आणखी चमत्कारिक गोष्ट आढळली. मेंदूतला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन रुग्णांनाही, ज्यातल्या एका बाईंना साप किंवा चाकूचीही भीती वाटत नव्हती, याच हवेने पॅनिक झालं. भीतीचं केंद्र म्हणून जे सांगितलं जातं, त्याच्याशिवायही पॅनिक होऊ शकतं.

पण अलार्म हळवा असणं हे अर्धंच. उरलेलं अर्धं मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं, आणि आजचे मानसोपचार त्यावरच उभे आहेत. छातीत एक ठोका चुकतो. कारण काहीही असेल: जिना चढलो, चहा जास्त झाला, रात्री झोप नव्हती. मन त्याचा अर्थ लावतं: हार्ट अटॅक. या अर्थामुळे भीती वाटते, भीतीने धडधड वाढते, धडधड वाढली म्हणजे अर्थ खराच होता. फेरा पूर्ण. काही मिनिटांतच माणूस टोकाला पोचतो. एकदा हे घडलं की तो स्वतःच्या शरीरावर पाळत ठेवायला लागतो, आणि पाळत ठेवणाऱ्याला काहीतरी सापडतंच. निरोगी हृदयाचेही ठोके दिवसातून अधूनमधून चुकतात.

तपासण्या किती आणि कुठे थांबायचं

पहिल्या वेळी 'पॅनिकच असेल' म्हणून घरी बसू नये. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, दुखणं दाबल्यासारखं असून डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जात असेल, चालल्यावर वाढून थांबल्यावर कमी होत असेल किंवा अर्ध्या तासानंतरही ओसरत नसेल, तर सरळ १०८ ला फोन करावा किंवा ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये हृदयविकार छातीत न दुखताही येतो. इथे शंकेचा फायदा हृदयाला द्यायचा.

त्यानंतर एकदा, नीट, पुढच्या गोष्टी पाहून घ्याव्यात: ईसीजी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, रक्तातली साखर. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधड, घाम, कापरं हे सगळं हुबेहूब पॅनिकसारखं दिसतं. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल आणि नाडी १५० ते २२० च्या घरात जात असेल, तर हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो. तो ऐन वेळच्या ईसीजीतच पकडला जातो, म्हणून २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी, लागतो. अटॅकनंतर काही आठवतच नसेल, किंवा त्या वेळी तोंडाची-हाताची विचित्र हालचाल होत असेल, तर फिट्सच्या दृष्टीने न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. रात्री घोरणं आणि श्वास अडकून जाग येणं हे स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचं, असू शकतं.

औषधांची यादीही काढावी, हे बहुतेकदा राहून जातं. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, थायरॉक्सिनचा जास्त डोस, जिममधली प्री-वर्कआउट पावडर, गांजा किंवा भांग, हे सगळं अटॅक घडवू शकतं. दारू उतरताना दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी धडधड तर फार जणांना कळतच नाही. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना ४८० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे पाचेक कप कडक कॉफी, दिली तर साधारण निम्म्यांना अटॅक येतो. एक-दोन कप चहा सोडायची गरज नाही. दिवसाचे सात-आठ कटिंग आणि वर एनर्जी ड्रिंक असा हिशेब असेल तर कमी करावं, पण हळूहळू, कारण एकदम सोडल्यावर डोकं दुखतं.

हे सगळं ठीक निघालं की तपासण्या थांबवायच्या. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण. दर अटॅकनंतर नवा ईसीजी, मग टू-डी इको, मग स्ट्रेस टेस्ट, मग दुसऱ्या शहरातला हृदयतज्ज्ञ. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा दिलासा दोन-चार दिवस टिकतो आणि मन शिकतं की रिपोर्ट काढल्याशिवाय सुरक्षित नाही. 'काही नाही हो, गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नका' असं सांगून पाठवणारे डॉक्टरही यात भर घालतात. काहीतरी तर झालं होतं. ते काय होतं, त्याला नाव काय, आणि त्यावर उपचार आहे, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

टाळण्याने आजार कसा पोसला जातो

जिथे अटॅक आला ती जागा माणूस टाळतो. मग तशा जागा. फास्ट लोकल, कारण मध्ये उतरता येत नाही. द्रुतगती मार्गावरचा बोगदा. लिफ्ट, मॉल, मंगल कार्यालयात मधली रांग, पंढरपूरची दर्शनबारी. जिथून पटकन निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही, अशा जागांच्या या भीतीला अगोराफोबिया म्हणतात. ती वाढत गेली तर माणूस घरात कोंडला जातो.

याहून बारीक प्रकार म्हणजे सुरक्षेच्या सवयी. खिशात गोळी, पिशवीत पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, सतत नाडी पाहणं, स्मार्टवॉचवर हृदयगती, घरात ऑक्सिमीटर, प्रवासात वाटेतल्या रुग्णालयांची यादी, बरोबर कुणीतरी हवंच. वरवर यात काही वाईट दिसत नाही. पण अटॅक न येता दिवस पार पडला की श्रेय त्या सवयीला जातं. 'गोळी जवळ होती म्हणून वाचलो.' गोळी जवळ नसती तरी वाचलोच असतो, हे कळायची संधी येतच नाही.

सीबीटी, म्हणजे नेमकं काय करतात

कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी हा या आजारावरचा सर्वांत भक्कम मानसोपचार आहे. साधारण १२ ते १५ आठवडे, आठवड्याला पाऊण ते एक तास, आणि रोज घरी करायचा गृहपाठ. समोर बसून मन मोकळं करण्याला सीबीटी म्हणत नाहीत. त्याने बरं वाटतं, पण पॅनिक जात नाही.

पहिली दोन-तीन सत्रं वर सांगितलेलं रसायन आणि फेरा समजण्यात, आणि नोंदवही ठेवण्यात जातात. नोंदीत पाच गोष्टी: कुठे, पहिली संवेदना कोणती, मनात आलेलं नेमकं वाक्य, मी काय केलं, शेवटी खरं काय झालं. दोन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या की बहुतेकांच्या लक्षात येतं की मनातलं वाक्य एकच असतं आणि शेवटचा रकाना दर वेळी 'काही नाही' असतो.

मग येतो उपचाराचा गाभा, आणि दुर्दैवाने हाच भाग अनेक ठिकाणी वगळला जातो: इंटरोसेप्टिव्ह एक्स्पोजर. ज्या संवेदनांची भीती वाटते त्या मुद्दाम जाग्या करायच्या. एक मिनिट जलद खोल श्वास घ्यायचे, की मुंग्या आणि चक्कर येते. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉतून एक ते दोन मिनिटं श्वास घ्यायचा, की गुदमरल्यासारखं होतं. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गोल फिरायचं. जागच्या जागी एक मिनिट जोरात धावायचं. ३० सेकंद श्वास रोखायचा. ३० सेकंद डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. प्रत्येक व्यायामानंतर तीन आकडे लिहायचे, ० ते १० मध्ये: संवेदना किती तीव्र, भीती किती, आणि खऱ्या अटॅकशी साम्य किती. ज्यात साम्य आणि भीती जास्त, तो व्यायाम निवडून भीती निम्म्यावर येईपर्यंत लागोपाठ पाच-सहा वेळा करायचा. रोज. संवेदना तशीच येते, भीती मात्र उतरत जाते. हे ऐकून समजत नाही, करूनच समजतं.

हृदयविकार, दमा, फिट्स, मान-पाठीचं दुखणं किंवा गर्भारपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करावेत.

यात चुकतं कुठे? भीती चढायला लागली की लोक दहा सेकंदांत थांबतात. ते तर पळणंच झालं. मेंदूने शिकलेला धडा आणखी पक्का होतो. किंवा व्यायाम करताना मनात स्तोत्र म्हणतात, बायकोला शेजारी बसवतात, ऑक्सिमीटर लावून बसतात. किंवा आठवड्यातून एकदा करतात. सीबीटीमधला कोणता घटक खरा काम करतो याचं २०१८ मध्ये एक मोठं विश्लेषण झालं. त्यात इंटरोसेप्टिव्ह एक्स्पोजर असलेले उपचार सरस ठरले, आणि स्नायू सैल करण्याचे व्यायाम जिथे होते तिथे परिणाम उलट कमी दिसला. श्वासाच्या व्यायामांचा परिणाम लहानच होता. त्यांच्यामुळे लोक उपचारात टिकतात इतकंच. अटॅक थोपवण्यासाठी ४-६ चा श्वास वापरायला लागलो, तर तीही एक सुरक्षेची सवय बनते. म्हणून तो सुरुवातीला शिकावा, नंतर सोडता यावा.

शेवटची पायरी बाहेरच्या जागांची. ठाण्याहून लोकलने दादरला जाता येत नसेल तर शिडी अशी होऊ शकते: दुपारी दोनला फलाटावर वीस मिनिटं थांबणं, गाडीत न चढता. मग स्लो लोकलने फक्त मुलुंड आणि परत. मग स्लोनेच घाटकोपर, एकट्याने. मग फास्टने घाटकोपर. मग फास्टने दादर. मग गर्दीच्या वेळी, दारापासून लांब, मधल्या भागात उभं राहून. सगळ्यात शेवटी पिशवीतली गोळी घरी ठेवून. एक पायरी दोन-चार दिवस रोज केली, भीती उतरली, की पुढची. मध्ये अटॅक आला तर उतरून परतायचं नाही. तो तिथेच ओसरू द्यायचा. दहा मिनिटांत शिखर, वीस-तीस मिनिटांत उतार. ॲड्रिनलिनचा जोर त्याहून जास्त वेळ टिकत नाही.

औषधं

पहिल्या पसंतीची औषधं एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली: सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन. 'डिप्रेशनची गोळी मला का दिली?' हा प्रश्न हमखास येतो. नाव जुन्या वापरावरून पडलं आहे; पॅनिकवर ती स्वतंत्रपणे चालतात.

इथे सुरुवातीचा डोस सगळ्यात महत्त्वाचा. पॅनिकचे रुग्ण शरीरातल्या बारीकशा बदलानेही दचकतात, आणि ही औषधं पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत अस्वस्थता, मळमळ, झोपमोड वाढवू शकतात. म्हणून नेहमीच्या निम्म्याने सुरू करतात: सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, एस्सिटॅलोप्राम ५ मिलिग्रॅम, आठवड्याभराने दुप्पट, पुढे गरजेप्रमाणे. पूर्ण डोसने सुरू केलं की तिसऱ्या दिवशी रुग्ण गोळ्या कचऱ्यात टाकतो आणि 'मला औषध सोसत नाही' हा शिक्का कायमचा बसतो. परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे, पूर्ण परिणामाला आठ ते बारा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग काही आठवडे-महिने घेऊन उतरवतात. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. आजार परतल्याचा समज होतो तो इथेच.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यस्खलनाला, कामतृप्तीला उशीर होणं हा दुष्परिणाम बराच आढळतो आणि संकोचाने सांगितला जात नाही. सांगावा. डोस किंवा औषध बदलता येतं. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांच्याबरोबर परस्पर घेऊ नयेत. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांच्या दृष्टीने लक्ष ठेवावं लागतं. गर्भ राहिला तर घाबरून गोळी थांबवू नये. डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम ही मन शांत करणारी, गुंगी आणणारी औषधं. आपल्याकडे एसएसआरआय आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि माझ्या मते ही सोय कमी, गैरसोय जास्त आहे. एसएसआरआय वर्षभर हवं असतं, क्लोनाझेपाम फार तर सुरुवातीचे दोन-चार आठवडे. दोन्ही एकाच गोळीत असली की एक वाढवून दुसरं कमी करता येत नाही, आणि क्लोनाझेपामही वर्षभर पोटात जात राहतं. सवय लागते, सतर्कता कमी होते, म्हाताऱ्या माणसांत पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. दारूबरोबर तर अतिशय घातक.

'अटॅक आला की एक घ्यायची' हा प्रकारही फसवा आहे. पोटात गेलेल्या गोळीचा असर व्हायला अर्धा तास ते तास लागतो. तोवर अटॅक स्वतःहून ओसरलेला असतो. श्रेय गोळीला. शिवाय गोळीने गुंगलेला मेंदू एक्स्पोजरमधून नीट शिकत नाही. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. तरीही शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी फिरत असतेच. जे महिनोन्महिने घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी थोडी-थोडी कमी करतात, आणि शेवटचा पाव तुकडा सगळ्यात जास्त वेळ घेतो.

प्रोप्रानोलॉल कापरं आणि धडधड कमी करतं, पण पॅनिक डिसऑर्डरवरचा उपचार म्हणून त्याला भक्कम पुरावा नाही, आणि दमा असलेल्यांनी ते घेऊच नये.

औषध की थेरपी? दोन्ही चालतात. फरक पडतो तो बंद केल्यावर. सीबीटीचा परिणाम जास्त टिकतो. रुग्ण घराबाहेरच पडू शकत नसेल किंवा सोबत नैराश्य असेल, तर आधी औषधाने आधार देऊन मग थेरपी सुरू करणं व्यवहार्य. दोन्ही नको असतील तर तिसरा मार्ग म्हणून 'बाहेरचं बघणाऱ्याकडे' जाण्यात वर्षं जातात, आणि तोवर टाळण्याची यादी दुप्पट झालेली असते.

घरच्यांसाठी

भोवती घोळका करू नये. कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, तळवे घासणं यातलं काही नको. जवळ शांत बसावं, आवाज खाली ठेवावा. 'हे आधीही आलं होतं, उतरलं होतं. आत्ताही उतरेल. मी इथे आहे' एवढं पुरे. 'सगळं मनाचे खेळ आहेत' हे वाक्य नको. एकदा तपासण्या झालेल्या असतील तर दर वेळी गाडी काढून दवाखाना गाठू नये. आणि सर्वांत अवघड: प्रेमापोटी त्यांची कामं स्वतःकडे घेऊ नयेत. बाजार, बँक, मुलांची शाळा हे सगळं घरच्यांनी उचललं की आजार आरामात मुक्काम ठोकतो. सोबत जायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात शेजारी, दुसऱ्यात वीस पावलं मागे, तिसऱ्यात फोनवर, चौथ्यात नाही.

जायचं कुठे

निदान आणि औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते विचारावं. पहिल्याच फोनवर आणखी दोन प्रश्न विचारता येतात: 'पॅनिकसाठी इंटरोसेप्टिव्ह एक्स्पोजर करून घेता का?' आणि 'साधारण किती सत्रं?' पहिल्याला अडखळत उत्तर आलं किंवा दुसऱ्याला 'बघू, वर्षभर तरी' असं आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे दाखवायला भरती व्हावं लागत नाही. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पॅनिकबरोबर नैराश्य बऱ्याच जणांना येतं. जगणं नको वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता याच क्रमांकावर फोन करावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावलं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात आणि पॅनिकचा उपचार जवळपास सगळा बाह्यरुग्ण विभागात होतो. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का, आणि त्यात थेरपीची सत्रं धरतात का, हे पहिल्या भेटीआधीच विचारून घ्यावं.